दुसऱ्याच्या हातातली झांज

या, अशा पुढं सरकून बसा. टेकायला भिंत नसली तरी चालेल, कीर्तन ऐकणाऱ्याला भिंत लागत नाही. आज देवादिकांची कथा नाही. आपल्याच गावातल्या एका कीर्तनकार बाईंची सांगायची आहे. त्यांचं डोकं एकाएकी रिकामं कसं झालं आणि त्यातलं सगळं पुढं कुठं सापडलं, त्याची. भिऊ नका, शेवट गोड आहे. आधीच सांगून टाकलं, म्हणजे मधेच कुणी डोळ्यांना पदर लावायला नको.

पानशेतचा पूर येऊन वीसेक वर्षं झाली होती. मंदाकिनीबाई दाबके तेव्हा सत्तरीला आलेल्या. सगळा जन्म पेठेत गेला आणि उतारवयात मुलानं, श्यामनं, कर्वेनगरला घर बांधलं म्हणून त्या तिकडं राहायला गेल्या. पेठेतल्या एक नेहमीच्या श्रोत्या त्यांना निरोप देताना म्हणाल्या, "तिकडं कुणाला कीर्तन सांगणार? बांधकामावरच्या विटांना?" बाई म्हणाल्या, "विटा निदान मधेच उठून तरी जात नाहीत." आणि खरोखरच त्यांचं काही अडलं नाही. लोक बोलवत राहिले, बाई जात राहिल्या.

बाईंचे वडील गोपाळकृष्णबुवा हेच त्यांचे गुरू. बुवांनी स्वतः रचलेलं एक आख्यान होतं, घंटाचोराचं. कुठं छापलेलं नाही, कुणी उतरवून घेतलेलं नाही. बुवांच्या मुखातून आलं ते थेट लेकीच्या मुखात. एक चोर देवळातली घंटा चोरून घरी नेतो आणि त्या दिवसापासून त्याला पहाट झालेली कळेनाशी होते, अशी ती कथा. लोक मागून मागून ऐकत. नऊवारीचा पदर खोचून बाई गादीवर उभ्या राहिल्या, हातातल्या काशाच्या लहान झांजा एकमेकींवर टेकल्या, की सभा आपोआप गप्प होई. झांजाही बुवांच्याच. डावीचा काठ एके ठिकाणी उडालेला, त्यामुळे ठोका स्वच्छ पडायचा नाही. 'झण्' झालं की मागाहून एक बारीक शहारा यायचा, थंडीत अंगावर येतो तसा. पेटीवाले कधी कधी म्हणत, "बाई, बदला की आता ही जोडी." बाई म्हणत, "काठाला मीही उडालेलीच आहे. मला कुठं बदललंत?"

पण बदलायची वेळ आली, आणि ती आली ती प्रेमापोटी.

सत्तरीनिमित्त बाईंचा सत्कार ठरला. मांजरी गावचे आप्पासाहेब त्यात सर्वांत पुढं. उसाचं मोठं शिवार, त्यातल्या काही जमिनीवर आता नवी घरं उठत होती, आणि एवढ्या व्यापातही कीर्तन म्हटलं की हा माणूस सतरंजी घालण्यापासून हजर. त्यांनी बाईंसाठी चांदीचा मुलामा दिलेल्या नव्या झांजा घडवून आणल्या. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि झांजा बाईंच्या ओंजळीत ठेवून आप्पासाहेब म्हणाले, "बाईम्हाराज, आता हीच वाजवायची बरं का. मी म्होरं बसून बघनार हाय."

बाईंच्या घराण्यात एक रीत होती. गुरूनं आपल्या झांजा शिष्याला दिल्या की त्याच्या कपाळी बुक्का लावायचा, आणि पुन्हा म्हणून त्या झांजांना हात लावायचा नाही. दिलं ते दिलं. नव्या झांजा हातात आल्या आणि बाईंना भरून आलं. त्यांनी सरोजिनीला मंचावर बोलावलं. सरोजिनी मुलींच्या शाळेत शिकवायची. कित्येक वर्षं बाईंच्या मागं उभं राहून ध्रुपद धरायची, म्हणजे बाईंनी चरण म्हटला की मागून तो उचलायची. तिच्या कपाळी बुक्का लावून बाईंनी काठ उडालेली जोडी तिच्या हातात दिली. सरोजिनी रडली, आप्पासाहेब रडले, सभेनं टाळ्या वाजवल्या. सगळं कसं साजरं झालं. त्या टाळ्यांत बाईंनी आपलं नेमकं काय देऊन टाकलं, हे मात्र कुणाच्याही ध्यानात आलं नाही. बाईंच्याही नाही.

पुढच्याच महिन्यात मांजरीला, आप्पासाहेबांच्याच देवळात, बाईंचं कीर्तन होतं. सरोजिनीला शाळेच्या परीक्षांमुळं येता आलं नव्हतं. पूर्वरंग झकास झाला. तिथं काय, विषय घ्यायचा आणि त्यावर बोलायचं. बाईंची जीभ त्यात कधी अडली नाही. मग मध्यंतरात हार घालून झाला, बुक्का झाला, आणि बाईंनी घंटाचोराला हात घातला. समोर आप्पासाहेब, त्यांच्या शेजारी त्यांची चुलती तुळजाबाई, मागं सगळं गाव. बाईंनी ओवी घेतली:

"घंटा नेली गोणीत घालून ।
गवताखाली ठेविली पुरून ।
पहाट आली दारावरून ।
चोरासी कळेना ॥"

चांदीची झांज घणघणली. लांबलचक, गोड, देवळाच्या घुमटापर्यंत जाऊन परत येणारा आवाज. आणि तो विरला तेव्हा बाईंच्या तोंडात पुढचं अक्षर नव्हतं.

विसरणं सगळ्यांनाच माहीत असतं. एखादा शब्द ओठाशी येतो आणि परत फिरतो. हे तसं नव्हतं. घरात शिरावं आणि भांडीकुंडी, पाट, दिवा, काहीच जागेवर असू नये, असं झालं. बाईंनी पुन्हा तीच ओवी घेतली. पुन्हा घणघण, आणि पुन्हा मोकळं घर. तबलजी संपत यांनी दोन आवर्तनं वाढवून वेळ मारून नेली. तुळजाबाई खालून म्हणाल्या, "घ्या की घोटभर पानी. नरडं सुकलं आसंल." बाईंनी पाणी घेतलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी चोराला तसाच निजलेला ठेवून त्यांनी आरती घेतली.

जीपमध्ये बसवून देताना आप्पासाहेब हळू आवाजात म्हणाले, "व्हतं बाईम्हाराज कधी कधी. वय हाय."

तो एक शब्द बाई स्वारगेटपर्यंत उराशी धरून आल्या. वय.

पुढं पेठेत एका राममंदिरात, त्याही वेळी सरोजिनीवाचून, तेच झालं. तिथले एक पेन्शनर चपला घालता घालता म्हणाले, "छान झालं. चोर सापडायच्या आत कीर्तन संपलं, आमची बस चुकली नाही." बाई हसल्या, पण घरी येऊन जेवल्या नाहीत. मनात एकच भीती घर करून बसली: माझं डोकं चाललं. आज आख्यान गेलं, उद्या नातवंडांची नावं जातील, परवा देवाचं.

श्यामनं त्यांना डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर तरुण होते, गोड बोलायचे. त्यांनी विचारलं, "आजी, आज तारीख काय?"

बाई म्हणाल्या, "कार्तिक वद्य नवमी."

डॉक्टर श्यामकडं पाहू लागले. श्याम म्हणाला, "मलाही माहीत नाही हो."

"बरं, राहू द्या," डॉक्टर हसून म्हणाले. "तुम्हाला जे अडतं ते म्हणून दाखवा बघू."

बाई खुर्चीत बसलेल्या, हात मांडीवर ठेवलेले, समोर टेबलावर कवटीचा एक प्लास्टरचा नमुना, झाकण काढलेला. बाईंची नजर त्या नमुन्यावरून हलेना. घंटा नेली गोणीत घालून, एवढं म्हटलं. आज तर दुसरा चरणही आला नाही.  डॉक्टरांनी हातोडीनं गुडघा ठोकला, डोळ्यांत बॅटरी मारली, आणि म्हणाले की एका भेटीत काही सांगता येत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा पाहू, तोवर ताण नको. ते बिचारे एवढंच म्हणाले. पण माणूस डॉक्टरांकडून नेहमी, ते म्हणतात त्यापेक्षा जास्त ऐकून घरी येतो. श्यामनं ठरलेली सगळी कीर्तनं रद्द केली.

मग सुरू झाली पाळत. चष्मा कुठं ठेवला ते बाई पूर्वीही विसरायच्या. आता विसरल्या की घरात सगळे एकमेकांकडं बघायचे. आमटीत मीठ कमी पडलं तर सून नलिनी काही बोलायची नाही, आणि तिचं न बोलणं बाईंना जास्त लागायचं. एरवी नलिनी तोंडाची तिखट. एकदा तर गॅस बंद केला आहे की नाही हे बघायला श्याम दोनदा उठला. बाई म्हणाल्या, "अरे, मलाच बंद कर एकदा, म्हणजे सगळ्यांना झोप लागेल." आणि देवघरात जाऊन बसल्या. देवाला म्हणाल्या, "पाय ने, डोळे ने, मी कुरकुर करणार नाही. पण ते नेऊ नकोस. ते माझं नाही, बाबांचं आहे."

असे काही आठवडे गेले.

एका रविवारी दुपारी सरोजिनी भेटायला आली. बाईंपुढं आख्यानाचा विषय कुणी काढायचा नाही असं घरात ठरलेलं. पण सरोजिनीला कुठं माहीत? ती बाहेरच्या खोलीत बसली, बाई आणि नलिनी आत स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या, चहाचं आधण गॅसवर होतं. सरोजिनीनं पिशवीतून ती जुनी जोडी काढली. शाळा आणि घर यांतून रियाजाला वेळ मिळत नाही, तेवढ्यात बसावं म्हणून हळूच ओवी घेतली. घंटा नेली गोणीत घालून. पहाट आली दारावरून. चोरासी कळेना.

झण्... आणि मागून तो शहारा.

तीही तिथंच अडली. तिला ते आख्यान अजून पुरतं बसलेलं नव्हतं. जागा सापडावी म्हणून ती नुसतीच वाजवत राहिली, झण्... झण्... आणि आतून, मटाराच्या शेंगेचं टोक मोडता मोडता, आवाज आला:

"कोंबडे आरवले, गाय हंबरली ।
शेजारीण जात्यावरी बसली ।
तरी पहाट नव्हे ती झाली ।
घंटेवाचून ॥"

बाई पुढं चालल्या होत्या. चोर अंथरुणात कूस बदलतो, बायको हलवते, सूर्य डोक्यावर येतो आणि हा म्हणतो, अजून घंटा कुठं झाली? जन्मभर त्या घंटेनं उठलेला माणूस, त्याची पहाट आभाळात नव्हतीच मुळी, ती त्या घंटेत होती. बाई हातवारेही करू लागल्या, मटार जमिनीवर घरंगळले. नलिनीच्या हातातली शेंग तशीच राहिली. चहा उतू गेला. बाहेर सरोजिनीनं दचकून हात थांबवला.

आणि बाई वाक्याच्या मध्यावर थांबल्या.

"काय झालं?" नलिनी म्हणाली. "म्हणा ना."

"येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पुन्हा उतरला होता. "आत्ता होतं. गेलं."

नलिनी उठली, दारात जाऊन म्हणाली, "सरोजिनीताई, वाजवा हो जरा पुन्हा."

झण्. बाईंच्या ओठांवर पुढचा चरण हजर.

"थांबवा." बंद.

"वाजवा." चालू.

नलिनीनं कपाळावर हात मारला. "अगंबाई! कॉर्पोरेशनचा नळच झाला की हा. आम्ही मेले डोकं तपासत बसलो, आणि पाणी टाकीत नव्हतंच, पाइपात होतं!" कित्येक आठवड्यांत ती पहिल्यांदाच तिखट बोलली होती, आणि बाईंना ते प्रसादासारखं गोड लागलं.

श्याम वर्तमानपत्र घेऊन आला. "असं कसं होईल? आठवण डोक्यात असते. झांज म्हणजे दोन धातूच्या चकत्या."

बाई म्हणाल्या, "तुझ्या कचेरीचा फोन नंबर काय रे?"

"त्यात काय? तो..." श्याम थांबला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप वर आलं आणि हवेत गोल गोल फिरू लागलं, डायल फिरवतात तसं. बोट एकेका आकड्याशी थांबायचं आणि श्याम तो आकडा मोठ्यानं वाचायचा. शेवटच्या आकड्यावर त्याचं त्यालाच हसू आलं.

"बघ," बाई म्हणाल्या. "तुझ्या बोटाला विचारल्याशिवाय तुझ्या डोक्याला कळत नाही. मग माझं काय चुकलं?"

सरोजिनीला मात्र रडू फुटलं. तिनं झांजा पुढं केल्या. "बाई, घ्या ह्या. मला माहीत असतं तर त्या दिवशी हातच पुढं केला नसता."

बाई मागं सरकल्या. "दिलेलं परत घ्यायचं नाही. बाबांनीही मला दिल्यावर कधी हात लावला नाही."

आणि एवढं बोलताच त्यांनी दाराची चौकट धरली. श्यामला वाटलं, आता आईला काही होतंय. त्यानं खुर्ची ओढली. बाई बसल्या. म्हणाल्या:

"श्याम, तुला आजोबा आठवतात का रे, शेवटी शेवटी? तू लहान होतास. मला झांजा दिल्या त्यानंतर ते गादीवर उभे राहिले की अडायचे. ह्याच आख्यानात. दोनदा अडले, तिसऱ्यांदा अडले, मग लोकांनी बोलवणं सोडलं. आम्ही म्हटलं, बुवा थकले. तेही म्हणाले, थकलो. पुढं वर्षानुवर्षं माझ्या कीर्तनाला यायचे, पहिल्या रांगेत बसायचे. आणि मी झांज वाजवली रे वाजवली की त्यांचे ओठ हलायला लागायचे. मला वाटायचं, म्हातारं माणूस आहे, पुटपुटतं काहीतरी." बाईंनी पदर तोंडाशी नेला. "पुटपुटत नव्हते रे. आख्यान म्हणत होते. अख्खं. त्यांना सगळं येत होतं."

 मग बाई उठल्या, जमिनीवरचे मटार गोळा करू लागल्या, आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच म्हणाल्या, "सरोजिनी, झांजा तुझ्याच. पण आजपासून त्या माझ्या मागं वाजव. तू वाजवायचं, मी म्हणायचं. रीतही मोडत नाही आणि म्हातारीही."

श्यामनं एकदा सुचवून पाहिलं, तांबट आळीत जाऊन तशीच दुसरी जोडी करून घेऊ, काठ उडवून. सरोजिनी आणि तो जाऊनही आले. कारागिरानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काठ मी उडवून देतो, पण साठ वर्षं कोण वाजवणार?" ते हात हलवत परत आले.

राहिले आप्पासाहेब. त्यांना सांगायचं कसं? एवढ्या भावानं दिलेल्या झांजा, आणि त्यांनीच घात केला म्हणायचं? आपलं डोकं कुठं आहे त्यापेक्षा बाईंना ह्याचीच चिंता जास्त. मांजरीला पुन्हा कीर्तन ठरलं, तेव्हा बाई आधी आप्पासाहेबांच्या घरी गेल्या, चांदीच्या झांजा त्यांच्यापुढं ठेवल्या आणि सगळं जसं झालं तसं सांगितलं.

आप्पासाहेब ऐकत राहिले. मग एकदम खो खो हसले. "आवं बाईम्हाराज, मंग आदी न्हाई का बोलायचं? मी मनात म्हनतोय, माज्याच देवळात आसं झालं, माजंच कायतरी चुकलं आसंल. रोज नारळ फोडतोय मी! नारळवाला श्रीमंत झाला!"

आतून तुळजाबाई आल्या. "त्यात काय येवढं? म्या न्हाई का, ह्यानं मिक्सर आनला तवा चटनीत मीठ किती घालायचं तेच कळंना. पाट्यावर बसलं की हातच सांगतोय."

"म्हंजे काकी, मिक्सर परत घेऊ?"

"घे की. न्हाईतरी त्यो भुंकतोयच नुसता."

चांदीच्या झांजा त्याच दिवशी देवापुढं ठेवल्या गेल्या. अजून सांजेच्या आरतीला वाजतात. आरतीला त्यांचा लांबलचक नाद मोठा शोभून दिसतो; आरतीत कुणाला पुढची ओवी आठवायची नसते.

देऊळ भरलं होतं. मागच्या खेपेला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं गाव जरा जास्तच जमलं होतं. काही भक्तीनं, काही गंमत बघायला. बाईंनी पूर्वरंगाला विषय घेतला: मन राहतं कुठं?

"डोक्यात, असं डॉक्टर म्हणतात," बाई म्हणाल्या. "मीही म्हणते. पण ते तिथंच कोंडलेलं असतं का, ते विचारते. बायांनो, तुम्ही पुरण घाटता. बुडाशी लागायला आलं हे कुणाला कळतं आधी? डोळ्याला दिसत नाही, नाकाला वास अजून यायचाय. कळतं ते उलथन्याच्या टोकाला! तिथं, खाली, चटक्याच्या जागी तुमचं मन जाऊन बसलेलं असतं. शेतकऱ्याचं कुदळीच्या टोकाशी असतं, खडा लागला की दगड आहे की ढेकूळ ते तिथंच कळतं. अहो, एवढीशी ही कवटी. त्यात बसवायचं असतं तर देवानं मनाला एवढे पाय कशाला दिले असते? ते हिंडतं. वस्तूत जाऊन बसतं, माणसात जाऊन बसतं. म्हणून वस्तू जपून वापरावी आणि माणूस जपून ठेवावा. कुणात आपलं काय राहिलेलं असेल, सांगता येत नाही."

मग हार झाला, बुक्का झाला, आणि आख्यान सुरू झालं. बाईंचे हात मोकळे. मागं सरोजिनी. तिच्या हातात ती काठ उडालेली जोडी.

घंटा नेली गोणीत घालून. झण्, आणि शहारा. पहाट आली दारावरून. चोरासी कळेना.

तो क्षण आला. आप्पासाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. पहिल्या रांगेत श्यामनं नलिनीचा हात धरला, जो त्यानं चारचौघांत लग्नापासून धरला नव्हता. आणि नेमकी तेव्हाच, भीतीनं म्हणा, सरोजिनीची एक झांज निसटली. ठोका चुकला.

बाई थांबल्या. 

बाईंनी मागं वळून पाहिलं. रागानं नाही, लहान मूल पाय घसरून पडलं की आई पाहते तसं. आणि मोठ्यानं म्हणाल्या, "सरोजिनी, अगं माझं मन खाली पडलं, उचल!"

देऊळ हसलं. सरोजिनीही हसली, डोळे पुसले, झांज उचलून नीट धरली. झण्... शहारा... आणि बाई सुटल्या. कोंबडे आरवले, गाय हंबरली. शेजारीण जात्यावरी बसली. चोर उठला, भर दुपारी गवत उपसू लागला, बायको म्हणाली वेड लागलं, गाव म्हणालं चोर सापडला, आणि तो म्हणाला, मला शिक्षा नंतर करा, आधी ही घंटा टांगा आणि एकदा वाजवा, मला पहाट होऊ द्या. बाईंना एकही शब्द शोधावा लागला नाही. पुढचा चरण मागून येऊन त्यांच्या ओठांवर उभा राहत होता. मधे मधे त्या स्वतःच थक्क होऊन ऐकत होत्या. आप्पासाहेब मांडीवर ताल धरून डोलत होते. श्यामचा श्वास मोकळा झाला, आणि त्याला कळलं की इतके दिवस तो कोंडलेला होता.

आरती झाली. लोक पाया पडायला आले, तेव्हा बाई म्हणाल्या, "माझ्या पाया पडता, हिच्याही पडा. आजचं अर्धं कीर्तन तिच्या हातात होतं." सरोजिनी लाजून खांबाआड गेली. तुळजाबाईंनी तिला तिथं जाऊन गाठलं आणि कानशिलांवर बोटं मोडून दृष्ट काढली.

पुढं बरीच वर्षं त्या दोघी अशाच कीर्तनाला उभ्या राहिल्या. डॉक्टरांकडं बाई पुन्हा गेल्या त्या एकदाच, त्यांना कीर्तनाचं बोलावणं द्यायला. नंतर नंतर सरोजिनीला आख्यान पुरतं आलं, तेव्हा बाईंनी तिला पुढं उभं केलं आणि स्वतः मागं बसल्या. पण गप्प नाही. सरोजिनी चरण घ्यायची आणि बाई मागून तो मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा, उचलायच्या. कुणी म्हटलं, बाई, आता विश्रांती घ्या, तर म्हणायच्या, "माझे ओठ नुसते हलवायचे नाहीत मला."

तेव्हा मंडळी, उठण्यापूर्वी एवढंच करा. कुठंही कीर्तनाला गेलात आणि पहिल्या रांगेत एखादा म्हातारा झांजेबरोबर ओठ हलवताना दिसला, तर त्याला थकलेला म्हणू नका. त्याच्या शेजारी जागा असेल तर जाऊन बसा, आणि कान लावा. आणि गोपाळकृष्णबुवांची आठवण ठेवा. त्यांना सगळं येत होतं.